उंदरासाठी कोण चालणार?

तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या गावानं प्राण्यांवरच्या दयेच्या गप्पा मारू नयेत, असं माझ्या एका मित्राचं ठाम मत आहे. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत असतो. म्हणजे दोन्हीकडून अधिकारी माणूस. पण हेच आमचं कोल्हापूर दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, त्यांना नटवून रस्त्यानं मिरवतं. जुलै २०२५ च्या अखेरीला नांदणीच्या जैन मठातली हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला, अंबानींच्या ‘वनतारा’त नेली, तेव्हा पुढच्या काही दिवसांत हजारो माणसं नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत चालत आली. त्यात कांदा-लसूण न खाणारे होते आणि आमचा मित्रही होता.

त्या दिवसांत दोन्हीकडचं बोलणं मी लक्ष देऊन ऐकत होतो. प्राणी हक्कवाले म्हणत होते, हत्तिणीचे पाय बिघडलेत, ती एकटी आहे, तिच्या भल्यासाठी तिला हलवा. गाव म्हणत होतं, ती आमच्यात वाढली, तिचं भलं आम्हाला कळतं. दोघंही हत्तिणीच्याच वतीनं बोलत होते. पण मोर्चातल्या माणसांना जरा बोलतं केलं की हत्तीण बाजूला राहायची आणि दुसरंच काही बाहेर पडायचं: आमच्या गावातलं काही उचलून न्यायचं, तर आम्हाला विचारायची पद्धत नाही का? बड्यांना सगळं मोकळं आणि आम्ही नुसतं बघायचं?

प्राण्यांसाठी माणसं रस्त्यावर उतरतात तेव्हा त्यांच्या मनात स्वतःचंही काहीतरी ठसठसत असतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी झालेल्या चळवळीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा हे मला पानोपानी भेटत गेलं. आणि सगळ्यात ठळक भेटलं ते लंडनमध्ये, एका तपकिरी कुत्र्याच्या निमित्तानं.

कुत्रा बेवारस, टेरियरच्या वळणाचा. फेब्रुवारी १९०३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस नावाचे शास्त्रज्ञ साठेक विद्यार्थ्यांसमोर त्याच्यावर प्रात्यक्षिक करत होते. बाकांवर दोन स्वीडिश बायका बसल्या होत्या, लिझी लिंड आफ हागेबी आणि लाइसा शार्टाउ. त्या मुळातच प्रयोगविरोधी. आत काय चालतं ते डोळ्यांनी बघायचं म्हणून त्यांनी बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं की कुत्र्याच्या अंगावर आधीच्या शस्त्रक्रियेची जखम होती, त्याला पुरती भूल दिलेली नव्हती आणि तो धडपडत होता. एकाच जनावरावर पुन्हा प्रयोग करायला तेव्हाच्या कायद्यानं मनाई होती. स्टीफन कोलरिज या वकिलानं हे भर सभेत वाचून दाखवलं. बेलिसनी बदनामीचा दावा लावला आणि तो जिंकलाही. कोलरिजना दोन हजार पौंडांची भरपाई भरावी लागली. कोर्टात प्रकरण मिटलं.

गावात मिटलं नाही. १९०६ च्या सप्टेंबरात बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. खाली पाणपोई, एक माणसांसाठी आणि एक कुत्र्यांसाठी, आणि वर इंग्लंडच्या स्त्री-पुरुषांना उद्देशून सवाल: हे असं किती दिवस चालायचं? डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना तो मजकूर झोंबला. पुतळा फोडायचे प्रयत्न झाले. १० डिसेंबर १९०७ ला हजारभर विद्यार्थी काठ्यांवर कुत्र्याच्या बाहुल्या नाचवत ट्रॅफल्गर चौकात घुसले आणि घोडेस्वार पोलिसांशी त्यांची जुंपली. पुतळ्याला रात्रंदिवस पोलीस पहारा बसला. शेवटी मार्च १९१० मध्ये नगरपालिकेनंच अंधारात, एकशेवीस पोलिसांच्या बंदोबस्तात, तो पुतळा हलवला. एका पुतळ्यावरून एवढी धामधूम आपल्याकडेच होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

पण मला त्यातला खरा प्रश्न वाटतो तो बॅटरसीचा. हा काही रावसाहेबांचा मोहल्ला नव्हता. गिरण्या, रेल्वेचे कारखाने, धूर, दाटीवाटीच्या चाळी. तिथल्या कामगारानं आणि त्याच्या युनियननं एका मेलेल्या कुत्र्यासाठी विद्यार्थ्यांशी मारामारी का करावी? उत्तर शोधायला १८३२ पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षीच्या कायद्यानं वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या गरीबखान्यात मेलेल्या, कोणी दावा न केलेल्या गरिबांची प्रेतं शरीरशास्त्राच्या टेबलांकडे वळवली. धर्मादाय दवाखान्यात फुकट उपचार घेणारा गरीब हा शिकाऊ डॉक्टरांचा सरावाचा माल असतो, ही भावना त्यामुळे हाडात मुरलेली. बॅटरसीत तर प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरला नोकरीच द्यायची नाही असा नियम असलेला दवाखाना होता. लोक त्याला लाडानं ‘ओल्ड अँटी’ म्हणत. आज कुत्रा, उद्या आपण, हा हिशेब तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

बायकांचंही तेच. मतदानाचा हक्क मागणाऱ्या अनेक जणी या चळवळीत होत्या, आणि पुतळ्याविरुद्ध पेटलेले विद्यार्थी मताधिकाराच्या सभाही उधळून लावत होते. त्यांच्या दृष्टीनं दोन्ही बायकी खुळं एकच. १९०९ पासून तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांना हातपाय धरून, नळी घालून जबरदस्तीनं भरवायला सुरुवात झाली. टेबलाला बांधलेला कुत्रा आणि खुर्चीला बांधलेली बाई ही दोन चित्रं ज्यांनी एकाच वर्तमानपत्रात पाहिली, त्यांच्या मनात ती वेगळी राहिली नसणार.

या इतिहासात घरातलं भांडणही आहे. क्लोद बेर्नार हे प्रायोगिक वैद्यकाचे पितामह. यकृत साखर साठवून ठेवतं हे त्यांनी दाखवलं. बायकोच्या हुंड्यावर त्यांचं संशोधन उभं राहिलं आणि त्याच संशोधनापायी संसार मोडला. विभक्त झाल्यावर त्यांची बायको आणि मुली पॅरिसमध्ये बेवारस कुत्री वाचवायच्या कामाला लागल्या. त्या काळच्या बाईला हुंड्याचा पैसा कुठे जातो हे विचारायचा अधिकार नव्हता. तिनं कुत्र्यांना जवळ केलं, यात मला दया जितकी दिसते तितकाच बदलाही दिसतो, आणि तो मला आवडतो.

त्याच पॅरिसमध्ये ॲना किंग्सफर्ड नावाची इंग्रज बाई डॉक्टर व्हायला आली. एकाही प्राण्यावर प्रयोग न करता पदवी घेईन, असा तिचा हट्ट होता आणि १८८० मध्ये तिनं तो पुरा केला. बाई तऱ्हेवाईक. बेर्नार वारले ते आपल्या इच्छाशक्तीच्या माऱ्यानं, असं ती खरोखर समजत होती. पुढे पाश्चर यांच्यावर तोच प्रयोग करायला गेली आणि पावसात भिजून स्वतःच आजारी पडली. १८८८ च्या फेब्रुवारीत क्षयानं गेली.

ही तारीख वाचली आणि मला आमच्या सीपीआरची आठवण झाली. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तिथल्या बायकांच्या विभागाची डॉक्टर म्हणून कोल्हापूर संस्थाननं जिची नेमणूक केली होती ती आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाली आणि कोल्हापूरला रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्षही पुरं न करता, पुण्यात क्षयानं गेली. किंग्सफर्ड आणि आनंदीबाई, दोघी शाकाहारी, दोघींना डॉक्टर होण्यासाठी आपला देश सोडावा लागला, दोघी एका वर्षाच्या अंतरानं एकाच रोगानं गेल्या. क्षयावर चालणारं पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आणि माणसाला द्यायच्या आधी ते तपासलं गेलं गिनीपिगांवर. यावर किंग्सफर्ड काय म्हणाली असती हे मला ठाऊक आहे. आनंदीबाई काय म्हणाल्या असत्या, हे मात्र सांगता येत नाही, आणि मला तीच जास्त जवळची वाटते. मलाही धड सांगता येत नाही. आमच्या फ्रिजच्या दारात आईच्या इन्सुलिनच्या कुप्या असतात. १९२१ मध्ये टोरांटोत कुत्र्यांवर प्रयोग झाले नसते तर त्या तिथे नसत्या.

किंग्सफर्डचा धागा आपल्याकडे येतो तो वेगळ्याच वाटेनं. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेले मोहनदास गांधी तिथल्या शाकाहारी मंडळात रमले आणि त्याच वर्तुळातून किंग्सफर्डच्या पुस्तकांपर्यंत पोचले. १८९४ मध्ये नाताळमध्ये ते तिच्या पंथाच्या संस्थेचे एजंट म्हणून जाहिरात देत होते. ‘हिंद स्वराज्य’ त्यांनी १९०९ मध्ये लिहिलं, ते लंडनहून परतताना बोटीवर. लंडनमध्ये तेव्हा तपकिरी कुत्र्याचा वाद धगधगत होता. डॉक्टरांवरच्या प्रकरणात गांधी म्हणतात की माणसाच्या देहाचे फाजील चोचले पुरवण्यासाठी हे लोक हजारो जनावरं मारतात. अर्थात गांधींना सरळ रेषेत बसवायला जावं तर ते निसटतात. १९२६ मध्ये अहमदाबादेत एका गिरणीमालकानं साठेक भटकी कुत्री मारली, तेव्हा अहिंसावाले गांधींकडे धावले आणि गांधींनी गिरणीमालकाची बाजू घेतली.

आपल्याकडे गरिबाची भीती मात्र बॅटरसीहून आधी रस्त्यावर आली होती. मुंबईत प्लेग सुरू झाला आणि दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारून फाडतात, अशी बोलवा पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. वाल्देमार हाफकिन तेव्हा मुंबईत प्लेगची लस करत होते. आधी ससे, मग १० जानेवारी १८९७ ला स्वतःचा दंड, मग भायखळ्याच्या तुरुंगातले तयार झालेले कैदी. क्रम बघण्यासारखा आहे. मधला टप्पा सोडला तर खालून वर असाच. कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला. शाहू महाराजांच्या चरित्रात दुष्काळ आणि प्लेगची ती वर्षं जोडीनंच येतात. गोऱ्या साहेबाची सुई आणि साहेबाचा सोजीर यांत त्या वेळच्या माणसानं फरक कसा करावा? लस चांगली होती हे आज आपण म्हणतो. ती टोचणाऱ्या हातावर विश्वास नव्हता.

चळवळीची एक काळी बाजूही सांगून टाकतो, कारण ती टाळून पुढं जाणारे लेख मला खोटे वाटतात. ऑगस्ट १९३३ मध्ये हिटलरचा मंत्री गोअरिंग यानं जाहीर केलं की प्राण्यांची जिवंत चिरफाड करणाऱ्यांना छळछावणीत धाडीन. त्या वर्षाअखेर नाझींचा प्राणिसंरक्षण कायदा आला, त्या काळी जगातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक. दहा वर्षांत त्याच छावण्यांमध्ये डॉक्टर कैद्यांवर प्रयोग करत होते. न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये माणसांवरच्या प्रयोगांचे नियम ठरले, त्यांत एक नियम असा की आधी प्राण्यांवर करून बघा. कुणाला तरी खाली ठेवल्याशिवाय कुणाला तरी वर उचलता येत नाही, असं त्या काळानं जणू धरूनच चाललं होतं.

ही उतरंड कायद्यांतही जशीच्या तशी आहे. प्रयोगांवर नियंत्रण आणणारा जगातला पहिला कायदा १८७६ चा, इंग्लंडचा. फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईनं आणि तिच्या संघटनेनं तो खेचून आणला, जरी हाती आलेला कायदा पाहून ती स्वतः हळहळली. त्यात कुत्रा, मांजर, घोडा, गाढव, खेचर यांना जास्तीचं संरक्षण. बैठकीच्या खोलीतले आणि गाडीला जुंपायचे ते वर. पाठीचा कणा नसलेल्यांचं नावच नाही.

आपला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे झाला. पन्नासच्या दशकात राज्यसभेत त्यांनी स्वतःचं विधेयक आणलं. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करायचं वचन दिलं म्हणून ते मागं घेतलं. कायदा आला, पण संशोधनासाठीचे प्रयोग बेकायदा ठरवायला त्यानं साफ नकार दिला, देखरेखीला फक्त समिती दिली. कलम १७ मध्ये त्या समितीसाठी सूचना आहेत. भूल द्या, नुसत्या हाताच्या सरावासाठी प्रयोग करू नका, हे सगळं आहे. आणि हेही आहे की गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नका. २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासांसाठी राखणाऱ्या राजाच्या गावात राहून हे कलम वाचताना मी जरा थांबलो. मोठ्याचं दुःख मोठं, लहानाचं लहान, हे कुणी मोजलं? आमच्याकडे पांजरपोळ आहे, गोरक्षण आहे, हत्तिणीसाठी मोर्चा आहे. उंदराला देवघरात गणपतीच्या पायाशी जागा आहे, एवढंच.

बेडकाचं तर हसंच झालं. सरावासाठी प्रयोग नको असं १९६० चा कायदा म्हणत असताना आम्ही ऐंशीच्या दशकात सायन्सला होतो, आणि पावसाळ्यात पोत्यातून बेडूक यायचे. क्लोरोफॉर्म, मेणाचा ट्रे, चार पायांना चार टाचण्या, जर्नलमध्ये पेन्सिलीनं आकृती. आमच्यातले बहुतेक जण पुढे बँकेत, विम्यात, साखर कारखान्यात गेले. मी बँकेत गेलो. बेडकाच्या आतड्याचा आम्हाला कर्जवाटपात काही उपयोग झाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये हे कमी करा म्हणून सांगितलं आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातली चिरफाड बंदच करायला लावली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायलाही त्याच वर्षी बंदी आली. त्याबद्दल फारसं कुणाचं वाईट वाटून घेणं झालं नाही, शाम्पू हे काही कुणाच्या जिवाचं मरण नव्हतं.

मित्र मात्र बेडकाबद्दल अजून कुरकुरतो. “मर्दा, पोरं आता स्क्रीनवर बेडूक फाडत्यात. काढून ठेवलेलं काळीज आपलं आपण धडधडत असतंय, ते बघितल्यावर जे टाळक्यात शिरतं, ते स्क्रीनवर शिरंल व्हय?”

त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. त्या धडधडीनं मी बारावीत घाबरलो होतो आणि तेवढंच शरीरशास्त्र माझ्या लक्षात आहे. पण एवढ्यासाठी दरवर्षी पोतीच्या पोती? हे मी त्याला विचारलं की तो चहा मागवतो.

शेवटी आमचं भांडण सापावर येऊन थांबतं, कारण या जिल्ह्यात ते थांबायलाच हवं. उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात, पाचटात हात घालतात आणि पाचटात घोणस असते. चावलेल्या माणसाला सीपीआरला आणतात आणि सलाइनमधून प्रतिविष चढवतात. ते घोड्याच्या रक्तातलं असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, मग रक्त काढून ती वेगळी करतात. मुंबईतल्या हाफकिन संस्थेचं नाव आमच्याकडच्या जुन्या लोकांना या औषधामुळेच माहीत. कुत्रं चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवणारी पिढीही अजून आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून व्हायची, २००४ च्या अखेरीला तिचं उत्पादन थांबलं.

घोडा निदान दिसतो तरी. कुपीवर लिहिलेलं असतं की एक मिलिलीटर औषध घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. हा आकडा उंदरांनी दिलेला आहे. विष आणि औषध यांचं मिश्रण पांढऱ्या उंदरांच्या गटांना टोचतात आणि ठरलेल्या वेळानंतर किती जगले ते मोजतात. दर बॅचला. ऊसतोडणीच्या बाईला ती कुपी मिळू नये असं म्हणायची माझी छाती नाही, आणि ज्याची असेल त्यानं ते नोव्हेंबरात शिरोळच्या फडावर उभं राहून म्हणावं.

वाटा निघतायत, हे खरं. २०२३ मध्ये आपल्या औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशी, चिपवरची अवयवांची प्रतिरूपं, संगणक यांवर केलेल्या चाचण्यांना जागा मिळाली. २०२४ च्या फेब्रुवारीत बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांच्या संशोधकांनी नाग-मण्यारच्या विषातल्या एका जातीच्या घटकावर चालणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. घोडाच नको. मी ती बातमी मित्राला धाडली. त्यानं मूळ पेपर काढून वाचला आणि फोन केला. “घोडा सुटला भावा. पण चालतंय का नाय ते उंदरावरच बघितलंय.”

त्याच फोनवर त्यानं दुसरं काम काढलं. त्याच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती आहे, आणि नियमाप्रमाणे तिच्यात विज्ञानाबाहेरचा, समाजाचं भान असलेला एक सदस्य लागतो. नाव सुचवायचं होतं. “तुला भान किती ते सोड,” तो म्हणाला, “विज्ञानाबाहेरचा तर हाईस.”

मी हो म्हटलंय. अर्जाचा नमुना त्यानं पाठवला आहे. त्यात संशोधकाला विचारलेलं असतं की हाच प्राणी का, आणि एवढेच का. दुसऱ्या प्रश्नाला काय विचारायचं ते बँकेत कर्जाच्या फायली तपासून मला बऱ्यापैकी कळतं. पहिल्यासाठी सध्या वाचन चाललंय.